मदत हवी आहे: विकतचं प्लगिन कंपोझरमधून कसं सांभाळता?

नमस्कार मंडळी. मी मालवणचा, तारकर्ली-देवबागच्या होमस्टेवाल्यांच्या ७ वर्डप्रेस साइट सांभाळतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, ऐन गर्दीत, एका अपडेटने बुकिंगचा फॉर्म बंद पडला. आधीची आवृत्ती कोणती होती याची कुठेच नोंद नव्हती. दोन दिवस त्या होमस्टेच्या मालकीण काकूंचे फोन येत होते, फार वाईट वाटलं.

म्हणून आता सगळं कमांड लाइनवर आणतोय, कंपोझर (पीएचपीची पॅकेजेस आणि त्यांच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) वापरून. डब्ल्यूपॅकेजिस्ट (वर्डप्रेसची प्लगिन आणि थीम कंपोझरला पुरवणारं भांडार) जोडल्यावर मोफत प्लगिन आणि थीम ‘कंपोझर रिक्वायर’ने व्यवस्थित उतरतात. लॉक फाइल (नेमक्या आवृत्त्यांची नोंद) गिटमध्ये, म्हणजे बदलांचा इतिहास राखणाऱ्या साधनात, ठेवतो आणि सर्व्हरवर फक्त ‘कंपोझर इन्स्टॉल’ चालवतो, म्हणजे नोंदीतल्याच आवृत्त्या बसतात; नव्या आवृत्त्या आणणारं ‘अपडेट’ तिथे कधीच नाही.

अडलंय ते विकतच्या बुकिंग प्लगिनपाशी. डब्ल्यूपॅकेजिस्टवर वर्डप्रेसच्या अधिकृत डिरेक्टरीतलंच मिळतं. ‘आर्टिफॅक्ट’ फोल्डर (ज्यातल्या झिप कंपोझर थेट उचलतो) करून पाहिला, पण त्याला झिपच्या आत कंपोझरची जेसन फाइल लागते आणि विक्रेत्याच्या झिपमध्ये ती नाही. प्रत्येक वेळी हाताने घालायची म्हणजे चूक होणारच. त्यापेक्षा ते प्लगिन खासगी गिट रिपॉझिटरीत टाकून दर आवृत्तीला टॅग लावावा का? तसं कोणी करत असेल तर लायसन्स की कुठे ठेवता?

आणि अ‍ॅडमिनमधलं अपडेटचं बटण तुम्ही पूर्ण बंद करता का? सीझन सुरू व्हायच्या आत हे मार्गी लावायचंय.