टूरिंग बाईकवरची मोकळी जागा: भरायची की सोडायची?

चढण
लांबच्या टूरला निघालेल्या बाईकवर सगळं ओझं टॉप बॉक्समध्ये आणि कॅरियरवर, म्हणजे उंचावर आणि मागच्या ॲक्सलच्याही मागे. पुढचं चाक हलकं होतं, वेग वाढला की गाडी डुलायला लागते. आणि पॅनिअर म्हणजे बाजूच्या बॅगा, त्यांच्या फ्रेमच्या आतल्या अंगाला, सीटखाली, मागच्या मडगार्डखाली जागा नुसती पडून! माझ्या मते जड आणि क्वचित लागणारं सामान तिथेच जायला हवं. पाने, टायर लिव्हर, ट्यूब, पंप मिळून तीन-चार किलो सहज होतात.

सोपा उपाय पीव्हीसी पाईपचा. ११० मिमी पाईपचा ३५ सेंमी तुकडा घेतला की पावणेतीन लिटरच्या आसपास जागा मिळते. एका टोकाला झाकण सोल्युशनने कायमचं चिकटवायचं, दुसऱ्याला आट्यांचं. सायलेन्सर नसलेल्या बाजूला पॅनिअर फ्रेमला दोन स्टीलच्या होज क्लिपांनी आवळा. क्लिपखाली जुन्या ट्यूबचा पट्टा हवाच, नाहीतर थरथरीने क्लिप पाईपला खात जाते. आट्यांचं झाकण दोरीने फ्रेमला बांधा, ते सैल होतंच. सगळ्यात खालच्या बाजूला ४ मिमीचं भोक, पाणी निघायला. रेनकोट आणि टॉवेल सीटखाली, आणि मडगार्डखाली एक छोटा डबा. झालं.

शॉकअप
पूर्ण असहमत. बाईकवर रिकामी दिसणारी निम्मी जागा कामात असते. बऱ्याच गाड्यांचं एअर फिल्टरचं तोंड सीटखालीच उघडतं. तिथे टॉवेल कोंबला की इंजिन तो ओढून तोंडाला चिकटवतं. गाडी चढाला ओढत नाही आणि माणूस प्लग बदलत बसतो. बॅटरीचं चार्जिंग सांभाळणाऱ्या रेग्युलेटर-रेक्टिफायरचं तेच. त्याच्या अंगावरच्या धातूच्या पात्यांना वारा लागतो म्हणून तो उघड्यावर बसवलेला असतो. पुढे बॅग लटकवली की तो तापतो, मग बॅटरी चार्ज होत नाही किंवा जास्त चार्ज होऊन जाते.

मडगार्डखालचा डबा तर सरळ धोका आहे. गाडी स्टँडवर असताना चाक आणि डबा यांच्यात वीतभर अंतर दिसतं. दोघं बसले, पॅनिअर भरले आणि खड्डा आला की ते अंतर कुठे जातं?

चढण
@शॉकअप, एअर फिल्टरचा मुद्दा मान्य, तोंड कुठे आहे ते आधी बघावं. पण चाकाचं अंतर मोजता येतं की. डब्याच्या बुडाला मॉडेलिंग क्लेचा दोन-अडीच सेंमी जाड गोळा चिकटवा, गाडी पूर्ण लादून चार गतिरोधक आणि एक वाईट रस्ता काढा. क्लेवर टायरची नक्षी उमटली तर डबा काढा, गोळा जसाच्या तसा राहिला तर ठेवा.

शॉकअप
चाचणी चांगली आहे, पण त्या दिवसापुरती. चेन ताणत गेलो की चाक मागे सरकतं आणि वर येताना वेगळ्या जागी येतं. नवा टायर घातला की त्याची उंची वाढते. दर वेळी क्ले लावणार का?

पाना१३
तुम्ही दोघंही जागेवर भांडताय, पण आतलं सामान कसं बांधलंय हे कुणी बोलत नाही. पाईपमध्ये सुटे पाने आणि ट्यूब एकत्र टाकली की दोन-तीन दिवसांत पान्याची कड ट्यूबला भोक पाडते. म्हणजे ऐन पंक्चरला हातात पंक्चर झालेली ट्यूब! ट्यूबला टाल्कम पावडर लावून, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून वेगळी ठेवा. पाने कापडी गुंडाळीत. पंक्चर सोल्युशनची ट्यूब घासून फुटते, तिला छोटी डबी हवी. औषधाच्या गोळ्या बाटलीत सुट्या टाकल्या तर शेवटी भुकटी उरते, वर कापूस दाबा.

सीटखाली सुटा पाना तर नकोच. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवरचं रबर निघालेलं असेल आणि पाना तिथून फ्रेमला टेकला, तर फ्यूज मध्ये येतच नाही. थेट जाळ.

लांबपल्ला
सगळ्यात चांगल्या जागेचं नाव कुणीच घेतलं नाही. जादा क्लच केबल चालू केबलच्या शेजारून, त्याच वाटेने ओवून केबल टायने धरून ठेवा. दोन्ही टोकं टेपने बंद, म्हणजे पाणी आत शिरत नाही. हँडल दोन्ही बाजूंना लॉकपर्यंत फिरवून ती ताणली जात नाही ना ते बघा. तुटली की फक्त टोकं बदलायची, टाकी उतरवायला नको.

क्रॅश गार्डवर दोन्ही बाजूंना एकेक लिटर पाणीही बसतं, वजन पुढे आणि खाली. उरलेल्या जागी पेट्रोलची बाटली.

शॉकअप
केबलला शंभर टक्के सहमत. क्रॅश गार्डवर पाणी चालेल, पेट्रोल अजिबात नको. गार्ड कशासाठी आहे? गाडी पडली की तोच आधी रस्त्याला लागतो, आणि शेजारी तापलेलं इंजिन. पेट्रोल न्यायचंच तर पॅनिअरच्या बाहेर, मागच्या अंगाला, सायलेन्सरच्या उलट बाजूला. बाटली गळ्यापर्यंत भरू नका. तापमान ३० अंशांनी वाढलं की पेट्रोल साधारण ३ टक्के फुगतं.

चढण
म्हणजे पाईप, केबल आणि पाणी पास?

शॉकअप
पाईप पास, पण त्याचे तीन-चार किलोही एकूण लोडमध्ये धरा. मागे प्रवासी बसला की गाडीच्या मर्यादेतलं फार काही उरत नाही. आणि आधी तो सीटखालचा टॉवेल काढा.