थीम 'सावली' आहे आणि नागपुरात मे चालू आहे, काय काढू?

उन्हातली_चिमणी

नमस्कार मंडळी. दोन महिन्यांपासून मी एका ऑनलाइन फोटो ग्रुपमध्ये आहे, दर रविवारी ॲडमिन एक थीम देतात आणि शनिवारी रात्री बारापर्यंत एकच फोटो टाकायचा, मग मतदान. नियम फार नाहीत, फोटो त्याच आठवड्यातला पाहिजे, दोन फोटो जोडायचे नाहीत आणि कॅप्शन तीन शब्दांच्या वर नाही. पुण्या-मुंबईचे, कोकणातले, बाहेरदेशी राहणारे असे सगळे आहेत, नागपूरची मी एकटी.

आतापर्यंत सात थीम झाल्या. 'लाल' होती तेव्हा गुलाब टाकला, 'दार' ला आमच्या जुन्या महाल भागात जाऊन एका जुन्या वाड्याचं दार काढून आणलं, 'वाट पाहणं' ला बसस्टॉपवरचा रिकामा बाक. दर वेळी खाली तेच, "छान", "मस्त ताई", एक अंगठा, आणि मतं तीन नाहीतर चार, त्यातलं एक माझ्या मावसबहिणीचं असते. वाईट कोणी म्हणत नाही हेच वाईट वाटते खरं तर.

आता या आठवड्याची थीम 'सावली'. ग्रुपवर लगेच धडाधड फोटो, खिडकीच्या जाळीची सावली, सायकलची लांब सावली, बाळाची सावली. आणि इथं ४५ डिग्री, मी सकाळी साडेआठला ऑफिसला निघते ते घरी यायला सात, तोवर सूर्य गेला. दुपारी कुत्रंसुद्धा रस्त्यावर नसते. खिडकीतून एकदोन काढून पाह्यले तर सावली काळी येतच नाही, राखुंडी येते, डोळ्याला दिसते तशी नाहीच. फोन चार वर्षं जुना आहे, त्याच्यामुळे असेल का?

आणि एक लाजत लाजत विचारते, जानेवारीत फुटाळा तलावावर काढलेला एक फार सुंदर फोटो आहे, संध्याकाळचा, कठड्यावर बसलेल्या पोरांच्या सावल्या. तो टाकला तर कोणाला कळणार आहे?

---

बर्डीवाला

कळणार ना बाप्पा. फोटोच्या फाइलमध्येच तारीख, वेळ, फोनचं मॉडेल सगळं लिहिलेलं असते. व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीने पाठवला तर ती माहिती पुसली जाते हे खरं, पण मग फोटोही आवळून बारका होऊन जाते, म्हणून बरेच ॲडमिन डॉक्युमेंट म्हणूनच मागतात. आणि पकडलं नाही तरी काय, आठवडाभर तुम्हालाच टोचत राहीन.

दुसरं, घरून काढलेले फोटो टाकत असाल तर आधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेशन बंद करा. डॉक्युमेंट पाठवलं की घराचा पत्ताच पाठवल्यासारखं होते, लोकांच्या हे ध्यानातच नसते.

राखुंडी सावलीचं सांगतो, फोन जुना असल्याचा काही संबंध नाही, नवा घेतला तर अजून राखुंडी येईन. फोन शहाणपणा करते, वेगवेगळ्या उजेडाचे दोनतीन फोटो पटकन काढून एकत्र करते, म्हणजे अंधारातलंही दिसावं. एचडीआर म्हणतात ते. इथं नेमका तोच अंधार पाहिजे आपल्याला. तो एचडीआर बंद करा, सापडत नसेल तर स्क्रीनवर सगळ्यात उजळ जागेवर बोट ठेवा आणि बाजूला सूर्याचं चिन्ह येते ते खाली ओढा. सावली कोळशासारखी काळी होते का नाही सांगा मग.

---

पुणेरी_लेन्स

मी अशा चॅलेंजमध्ये बरीच वर्षं आहे म्हणून सांगते, सावलीला लांबी हवी. सूर्य मावळायच्या पाऊण तास आधी माणसाची सावली त्याच्या उंचीच्या पाच-सहा पट असते, तेव्हा थोडं उंचावरून काढा, गॅलरीतून किंवा पुलावरून. आणि ऑफिस आहे तर मधेच दुपारी चारला चहाच्या सुट्टीत बाहेर पडून एखादी भिंत बघा की, छान तिरपा उजेड असतो.

---

बर्डीवाला

@पुणेरी_लेन्स दुपारी चारला. नागपुरात. मे महिन्यात. ताई तुम्ही या एकदा, मी स्टेशनवर कांद्यासकट घ्यायला येतो 😄

---

आकाशवेडा

मी फोटोग्राफर नाही, दुर्बिणवाला आहे, पण या धाग्यात पडल्याशिवाय राहवत नाही कारण चिमणीताई तुमच्या ग्रुपला माहीतच नाही की हा आठवडा नागपूरसाठी काय आहे. २६ मे च्या आसपास दुपारी १२ वाजून १० मिनिटांनी सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखालीच जाते. शून्य सावली दिवस. वर्षातून दोनदा होते, दुसरा जुलैच्या मध्यावर, पण तेव्हा ढग असतात त्यामुळे मे चाच आपल्या कामाचा. पुण्याचा १३-१४ मे लाच होऊन गेला आणि दिल्लीला तर कधीच होत नाही, ती कर्कवृत्ताच्या वर आहे. म्हणजे थीम सावली आणि तुमच्याकडे त्या आठवड्यात सावलीच नाही, याहून चांगलं काय पाहिजे! गच्चीवर स्टीलचा ग्लास, बाटली, काहीही सरळ उभं ठेवा.

जानेवारीच्या फोटोचंही सांगतो, तो मुळीच टाकू नका. फुटाळ्याला हिवाळ्यात सूर्य बराच डावीकडे, नैऋत्येला बुडतो आणि आता वायव्येला. फोटोत तळ्याच्या पलीकडचा काठ दिसत असेल तर माझ्यासारखा एखादा रिकामटेकडा बसल्या बसल्या महिना सांगून देईल.

आणि बाहेर जायचंच नसेल तर झाडाखाली पाहा. कडुनिंबाखाली जमिनीवर जे गोल गोल कवडसे पडतात ना, पानांच्या फटी काही गोल नसतात, तरी कवडसे गोलच. कारण प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्याचं चित्र आहे, फट पिनहोल कॅमेऱ्यासारखं काम करते. ग्रहणात हेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. सावलीची कड धूसर दिसते तीही याचमुळे, सूर्य ठिपका नाही, आकाशात अर्धा अंश रुंद आहे, म्हणून वस्तू जमिनीपासून एक मीटर वर असली की कडेला सेंटिमीटरभर अर्धवट अंधार येतो. कड धारदार पाहिजे तर वस्तू भिंतीला खेटून ठेवा. सॉरी, लांबलं.

---

जुना_फिल्मवाला

मी तुमचे आधीचे सात फोटो पाहिले नाहीत पण नुसत्या वर्णनावरून सांगतो काय होऊन राहिलं ते. लाल म्हटलं की गुलाब, दार म्हटलं की वाड्याचं दार. थीम वाचली आणि डोक्यात जे पहिलं चित्र आलं ते शोधायला तुम्ही बाहेर पडल्या. ते पहिलं चित्र ग्रुपातल्या सगळ्यांच्याच डोक्यात येते, मग वीस गुलाबांतला तुमचा काऊन लक्षात राहीन कोणाच्या. आमच्या वेळी छत्तीस फोटोंचा रोल असायचा, एक फोटो काढायच्या आधी माणूस दहा वेळा त्या जागेवरून चालून यायचा, तेव्हा कुठे हात खिशातून निघे. आता फुकट आहे म्हणून पहिलंच सुचलेलं दाबून देतात. असो, म्हातारपणाचं रडगाणं नको.

आता 'सावली' पाहा. मला वाटते तुमच्या ॲडमिनने ही थीम कुठल्यातरी इंग्रजी यादीतून उचलली आहे, तिथं 'शॅडो' असेल. इंग्रजीत शॅडो वेगळी आणि शेड वेगळी. आपल्याकडे दोन्हीला एकच शब्द. भिंतीवर पडते तीही सावली आणि आंब्याखाली बसतो तीही सावली. ग्रुपचे लोक मराठी बोलतात पण थीम इंग्रजीत वाचून राहिले, सगळे भिंतीवरची काढतात. नागपुरात मे महिन्यात सावली म्हणजे काय हो? रसवंतीवर जागा मिळाली की सावली. डोक्यावरून दुपट्टा घेतलेली बाई आपल्या पोराला त्याच दुपट्ट्याखाली घेते ती सावली. बसस्टॉपचं छप्पर तापून जाते म्हणून लोक मागच्या खांबाच्या हातभर सावलीत एकामागे एक रांग लावून उभे राहतात, बाहेरचा माणूस म्हणेल इथं कसली लाइन लागली.

आणि सिग्नल! सिग्नल पाहिला का तुम्ही कधी नीट? झेब्रापाशी कोणीच नाही, सगळ्या टू-व्हीलर वीस-पंचवीस फूट मागे झाडाखाली एकमेकांना चिकटून. हिरवा झाला की तिथून सुटतात. मोठ्या चौकात महापालिका हिरव्या जाळ्या बांधते उन्हाळ्यात, पण बारक्या चौकांत झाड हेच सिग्नल. हे चित्र मी तीस वर्षांपासून पाहून राहिलो आणि एकदाही काढलं नाही, लाज वाटते सांगायला.

ग्लासाचा फोटो काढा हवं तर, पण तो विज्ञानाचा धडा होईल. खाली 'आज १२.१० ला सूर्य डोक्यावर होता' असं लिहिल्याशिवाय तो कोणाला कळणार नाही, आणि जो फोटो कॅप्शनच्या काठीशिवाय चालत नाही तो लंगडाच.

---

आकाशवेडा

काका हे पटलं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीतल्या मारबतीच्या मोठ्या पुतळ्यांचा फोटो काढला, काळी आणि पिवळी, दोघींची प्रथा सव्वाशे वर्षांच्या वर जुनी, तर नागपूरच्या बाहेर कोणाला सांगितल्याशिवाय कळणार आहे का ते काय आहे? मग तो फोटोही लंगडा?

---

जुना_फिल्मवाला

मारबत न कळता सुद्धा माणूस पाहतच राहतो. तुमच्या ग्लासाकडे कोण पाहीन?

---

इतवारीकर

सिग्नलवाली आयडिया भारी आहे पण ताई रस्त्यात उभं राहून लोकांच्या तोंडावर फोन धरू नका, आधीच उन्हाने सगळ्यांचं डोकं तापलेलं असते. मागच्या उन्हाळ्यात मी एका गोळेवाल्याचा फोटो काढला, न विचारता, तो काही बोलला नाही पण त्याचं गिऱ्हाईक भांडलं. विचारून काढला तर पोज देतात हेही आहे. वरच्या मजल्यावरून काढा, चेहरे येत नाहीत, स्कार्फ आणि हेल्मेटच दिसतात आणि सावलीचा आकार पण पूर्ण येतो.

बाय द वे कोणीतरी सांगा की नागपूर म्हटलं की लोक मे महिन्यातपण संत्र्यांचे फोटो काऊन टाकतात, कुठून आणतात?

---

उन्हातली_चिमणी

अपडेट द्यायला आली. सगळ्यांचे खूप आभार, आकाशवेडा भाऊ तुमचं पण ऐकलं आणि काकांचं पण.

२६ ला जेवणाच्या सुट्टीच्या आधीच ऑफिसच्या गच्चीवर गेली, डब्यातला ग्लास, पाण्याची बाटली आणि स्टेपलर उभा करून ठेवला. ऑफिसातले काका छत्री घेऊन मागे आले, त्यांना वाटलं मॅडमला काही टेन्शन आहे. १२.०५ ला ग्लासाला नखाच्या कडेएवढी सावली होती, बघता बघता ती आत सरकली आणि खरंच गेली! काका छत्री मिटून स्वतःच्या पायाखाली पाहत बसले. पण फोटोत मजा नाही आली, ग्लास असा दिसते जसा कोणी दुसरीकडून कापून चिकटवला. सावली नसली की वस्तू जमिनीवर ठेवलेलीच वाटत नाही हे मला त्या दिवशी कळलं. वर फोन इतका तापला की कॅमेरा आपोआप बंद, आणि ग्लास उचलायला गेली तर चटका.

मग दुसऱ्या दिवशी आमच्या पहिल्या मजल्याच्या खिडकीतून. आमच्या खालीच चौक आहे, चार वर्षांपासून तिथंच बसते मी आणि कधी पाह्यलं नाही. कडुनिंबाच्या सावलीत आठ गाड्या, स्कार्फवाल्या मुली, पोरगं पुढे उभं केलेला एक बाप, एक लुनावाले काका अर्धे आत अर्धे बाहेर, आणि त्यांच्यापुढे झेब्रापर्यंत नुसता पांढरा रिकामा रस्ता. एचडीआर बंद केला, रस्त्यावर बोट ठेवून उजेड खाली ओढला तर सावली अशी काळी आली की गाड्या तिच्यात बसवल्यासारख्या. एकोणीस फोटो काढले, साहेब दोनदा मागून येऊन गेले. कॅप्शन दिलं 'आमचा सिग्नल इथेच'. तो फोटो इथंही जोडला आहे.

मतं चौदा! जिंकली ती पुण्याची जाळीची सावलीच, चाळीस मतं घेऊन, चांगलीच होती ती, नाही म्हणत नाही. पण माझ्या फोटोखाली कमेंट पडल्या एकतीस. कोकणातल्या एका दादांनी विचारलं, "हे सगळे मागे का थांबलेत, पुढे अपघात झालाय का?" आणि मग जे सुरू झालं, अकोल्याच्या एका वहिनींनी त्यांना समजावलं, मग जळगाववाले आले की आमच्याकडेपण असंच, मग कोणीतरी स्वतःच्या गल्लीतला तसाच फोटो टाकला, ॲडमिनला शेवटी सांगावं लागलं की मतदान संपलं आता झोपा. 'छान' असं एकानेही लिहिलं नाही.

काका, तुमच्या हिशोबाने माझा फोटो लंगडा का मग? कोकणातल्यांना तर कळलाच नाही.

पुढची थीम 'रिकामं' आहे.

---

बर्डीवाला

रिकामं म्हणजे दुपारी दोनची बर्डी, आपली सीताबर्डीची बाजारपेठ. झाला तुमचा फोटो 😄

---

आकाशवेडा

स्टेपलरचा तरी फोटो इथं टाका ना, मला पाहिजे.

---

जुना_फिल्मवाला

त्या दादांनी थांबून विचारलं ना, मग लंगडा नाही. पण लुनावाल्याचा डावा हात फ्रेमच्या बाहेर कापला गेला आहे. एकोणीसमध्ये एखादा तरी असेल ज्यात पूर्ण आला, तो शोधा आधी आणि मग रिकाम्याचं पाहू.