कारागृहातल्या माजी सैनिकांसोबत जुन्या वर्दीचा कागद: कसं बसवायचं?

शाईचा_डाग
नमस्कार मंडळी. कारागृहातल्या बारा माजी सैनिकांबरोबर आठ सत्रांचं काम ठरतंय. बाहेरचे माजी सैनिक जुन्या वर्द्या देणार, आतले त्यांचा कागद करणार आणि शेवटी दोघांची मिळून एक छापील पुस्तिका. अमेरिकेत कॉम्बॅट पेपर हा माजी सैनिकांचा उपक्रम २००७ पासून वर्दीचा कागद करतोय, कल्पना तिथलीच. बीटर, म्हणजे चिंध्या कुटून लगदा करायचं यंत्र, आत नेता येणार नाही, मग मिक्सरवर भागेल का? कात्र्यांचं काय करायचं? एका वर्दीत किती ताव निघतात?

ताव_उचल्या
मिक्सर विसरा. त्याचं पातं तंतू तोडतं, कुटत नाही, आणि चिंधी पात्याला गुंडाळली की मोटर जळते. हॉलंडर बीटर तंतू चेपून पिंजतो. त्या पिंजण्यामुळेच ताव एकजीव होतो. तेव्हा बीटर बाहेर चालवा आणि गाळलेला लगदा आत न्या.

त्याआधी कापड तपासा. बऱ्याच लढाऊ वर्द्या निम्म्या सुती, निम्म्या नायलॉनच्या असतात. नायलॉन पाणी धरत नाही, त्याचे तंतू एकमेकांना बिलगत नाहीत, बीटरमध्ये दोऱ्या वळतात आणि तावावर गाठी उठतात. एक दोरा ओढून पेटवून बघा (बाहेरच!). कागदासारखा जळून राख झाली तर सुती, वितळून कडक मणी झाला तर नायलॉन. मिश्र कापडात तेवढ्याच वजनाच्या शुद्ध सुती चिंध्या घाला, जुन्या चादरी उत्तम. अग्निरोधक वर्दी घेऊच नका.

हिशेब असा: सदरा-पँटमधून शिवणी, बटणं, चेन, वेल्क्रो गेलं की साधारण पाऊण किलो कापड उरतं. कागद चौरस मीटरला १५० ग्रॅम वजनाचा धरला तर ए-फोर तावाला साडेनऊ ग्रॅम सुका तंतू लागतो. म्हणजे ८० ताव. शिकाऊ हात आहेत, ६० धरून चाला.

लगदा टबातल्या पाण्यात कालवून जाळीने ताव उचलायचा. २० लिटरच्या टबात १२० ते १५० ग्रॅम सुका तंतू पुरे. दोन-तीन ताव उचलले की मगभर लगदा घाला, नाहीतर पुढचे ताव विरळ येतात. नवख्यांचा ताव हमखास फाटतो तो जाळीवरून नमद्यावर (लोकरीच्या जाड कापडावर) उतरवताना, कारण नमदा कोरडा असतो. आधी भिजवून पिळून घ्या. जाळी सरळ वर उचलू नका, एका कडेकडून दुसरीकडे लोळवा.

पाचवा_दरवाजा
अख्खी वर्दी बहुतेक कारागृहांत आत येऊ देत नाहीत. ती घालून कुणी पहाऱ्यावरच्या माणसासारखा चालत बाहेर पडेल ही भीती. बटणं, चेन, बिल्ले, नावपट्टी बाहेरच काढा, दोन इंची पट्ट्या करा आणि प्रत्येकीच्या कडेला छोटी छोटी खाच द्या. आत त्या हातानेच फाडता येतात, कात्रीचा प्रश्नच मिटतो. रिपस्टॉप, म्हणजे बारीक चौकटी दिसतात ते कापड, मात्र जाड दोऱ्यापाशी अडतं. त्याचे तुकडे बाहेरच करून न्या. तुकडे इंचभरच हवेत, लांब राहिले की बीटरच्या रोळाला गुंडाळतात.

कात्री लागलीच तर बोथट टोकाच्या, क्रमांक घातलेल्या चारच न्या आणि ज्या फळीवर प्रत्येकीची बाह्यरेखा काढलेली आहे तिच्यावरच टांगा. आधी, मध्ये, नंतर मोजा. एक कमी भरली तर ती सापडेपर्यंत कुणी जागचं हलत नाही.

बारीकसारीक गोष्टींवर परवानगी अडते: बादलीची तारेची कडी (पारदर्शक डबे न्या), ताव वाळवायची दोरी (दोरी कुठेच चालत नाही, टीपकागदांत रचून बाहेर वाळवा), ठशासाठी लिनोलियमचा तक्ता कोरायची कोरणी (फोमच्या पातळ तक्त्यावर बॉलपेनने दाबून ठसा काढा, छान उठतो). दोन तासांच्या सत्रात गिनती आणि ये-जा वजा जाता सव्वा तास हाती राहतो.

भिंतवाला
माझं मत वेगळं. आठ सत्रं एकमेकांवर अवलंबून ठेवलीत की चौथ्याला दोघांची बदली होते आणि साखळी तुटते. फिलाडेल्फियाच्या म्युरल आर्ट्स या भित्तिचित्रांच्या संस्थेची पद्धत बघा: न विणलेल्या 'पॅराशूट कापडा'चे पाच फुटी चौकोन कारागृहात रंगवायचे आणि बाहेर अ‍ॅक्रिलिक जेलने भिंतीवर चिकटवायचे. एक माणूस गेला तरी चौकोन दुसरा पुरा करतो. कागदच करायचा असेल तर निदान दर सत्रात काहीतरी संपलं पाहिजे.

नमदा
बदलीचा मुद्दा खरा. म्हणून प्रत्येकाचा पहिला ताव पुस्तिकेसाठी न ठेवता त्यालाच द्यायचा. खोलीत किती ताव ठेवता येतील ते आधी लेखी घ्या, नाहीतर झडतीत कचरा म्हणून जातात. पुस्तिकेवर नाव, आद्याक्षर की काहीच नको, हेही प्रत्येकाकडून लेखी. विक्रीला बंदी असू शकते, आणि गुन्ह्याची झळ बसलेलं कुटुंब छापील नाव पाहू शकतं.

युद्धाबद्दल विचारू नका, गुन्ह्याबद्दल तर नाहीच. सगळे लढाईवर गेलेले नसतात, काहींना सेवेतून काढलेलं असतं. वर्दी फाडायची नसेल त्याला टबापाशी उभं करा, तिथे हात कमीच पडतात. दरवाज्याकडे पाठ येणार नाही अशा जागा ठेवा.

शाईचा_डाग
फाडणं पहिल्या सत्रात, बीटर बाहेर, ताव तिसऱ्यापासून असं बसवतो. दरवाज्यावर अडकून दिवस गेला तर लगदा किती टिकेल?

ताव_उचल्या
गाळून थंड जागी चार-पाच दिवस, गरम खोलीत दोनच. आंबूस वास आला किंवा बोटांना बुळबुळीत लागला तर टाकून द्या, त्याचा ताव ठिसूळ होतो. मुठीत पिळून, गोळे करून गोठवला तर महिनाभर चालतो. वापरताना बादलीभर पाण्यात मोकळा करून खूप ढवळा, नाहीतर तावात गुठळ्या येतात.