गोधडीचे कापलेले तुकडे शिवून होईपर्यंत क्रमाने कसे ठेवावेत? (सोलापूर)

सुईदोरा:

नमस्कार. पलंगाच्या मापाची, म्हणजे ६० इंच रुंद आणि ८४ इंच लांब अशी तुकड्यांची गोधडी मी मशीनवर शिवायला घेतली आहे. तयार चौकोन ६ इंचांचा धरल्यामुळे आडव्या ओळीत १० आणि उभ्या रांगेत १४, असे एकूण १४० चौकोन होतात. त्यांपैकी निम्मे अखंड कापडाचे आहेत आणि निम्मे दोन त्रिकोण जोडून होणारे आहेत. नक्षी उमटते ती त्रिकोणांच्या दिशा बदलत गेल्यामुळे. त्यामुळे एखादा चौकोन चुकून आडवा फिरला, तर तो पूर्ण गोधडीत डोळ्यांना खुपत राहतो.

अडचण जागेची आहे. घर दोन खोल्यांचे असल्यामुळे मांडणी बाहेरच्या खोलीत जमिनीवर करावी लागते आणि रात्री अंथरुणे घालण्याआधी ती सगळी उचलावी लागते. त्यात सोलापूरचा उन्हाळा असा की पंखा बंद ठेवून मशीनवर बसवत नाही आणि पंखा लावला की सुती तुकडे जागा सोडतात. मांडलेला क्रम आणि प्रत्येक तुकड्याची दिशा न बदलता तुकडे कसे उचलावेत, कशात ठेवावेत आणि मशीनपर्यंत कसे न्यावेत, याविषयी अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे. खास साहित्य बाहेरून मागवण्यापेक्षा घरात किंवा नवी पेठेत मिळतील अशा वस्तू सुचवल्यास बरे होईल.

थप्पी:

ताई, मी गणवेश शिवणाऱ्या एका युनिटमध्ये कटिंग टेबलावर काम करतो. सोलापुरात हा धंदा किती पसरला आहे, हे आपल्याला ठाऊकच आहे. आमच्याकडे कापडाचे थर एकावर एक अंथरून एकदम कापले जातात आणि कापल्याबरोबर प्रत्येक थराच्या तुकड्यांवर त्या थराचा क्रमांक चिकटवला जातो, कारण एकाच रंगाच्या दोन थानांतही छटेचा फरक असतो आणि सतराव्या थराच्या पाठीला अठराव्या थराची बाही लागली, तर तो फरक उन्हात लगेच दिसतो. त्यानंतर तुकड्यांचे बंडल बांधून त्याला चिठ्ठी लावतात आणि मगच ते मशीनकडे जाते. तुकडा कोणाच्या हातात गेला किंवा कोणत्या टेबलावर पडला, याने काहीच बिघडत नाही, कारण त्याची ओळख त्याच्या अंगावर असते. आपल्या गोधडीलाही हीच पद्धत लागू पडेल.

मात्र १४० तुकड्यांना १४० चिठ्ठ्या लावण्याची गरज नाही, आणि तसे करण्यात जीव नकोसा होतो. चौदा आडव्या ओळी आहेत. प्रत्येक ओळीच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत डावीकडच्या तुकड्यावर ओळीचा क्रमांक लिहिलेली कागदाची छोटी चिठ्ठी टाचणीने लावा. चिठ्ठी कायम वरच्या डाव्या कोपऱ्यातच असावी आणि टाचणी मायेच्या, म्हणजे शिवणीत आत जाणाऱ्या कडेच्या, पट्टीत जाईल अशी टोचावी. ही जागा एकदा ठरली की क्रमांकाबरोबर दिशाही कळते, कारण चिठ्ठी वर डावीकडे आली म्हणजे तुकडा सरळ आहे. त्रिकोणांच्या चौकोनांना तेवढी स्वतंत्र चिठ्ठी लावली तरी चालेल, कारण गोंधळ होतो तो त्यांचाच. अखंड चौकोन फिरला तरी बहुधा कोणाच्या लक्षात येत नाही.

उचलण्याची रीत अशी. तुकडे सुलट बाजू वर ठेवून मांडलेले असतील, तर पहिला तुकडा सरळ सरकवून दुसऱ्यावर ठेवा, ते दोन्ही तिसऱ्यावर, ते तिन्ही चौथ्यावर, असे शेवटपर्यंत जा. मनगट वळवायचे नाही. शेवटी पहिला तुकडा चिठ्ठीसह सर्वांत वर येतो आणि थप्पी तयार होते. दहा तुकड्यांमधून टाचणी नीट जात नाही आणि कापड ओढले जाते, म्हणून कपडे वाळत घालायचा चिमटा लावा. साडीच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अशा दोन थप्प्या सहसा शेजारी शेजारी बसतात. मिठाईचे खोके वापरायचे असल्यास आत कोरा कागद घाला, कारण तुपाचा डाग सुती कापडावरून सहजासहजी जात नाही. वर्तमानपत्र मात्र घालू नका, त्याची शाई पांढऱ्या तुकड्यांना लागते. पंख्यासाठी उघड्या थप्पीवर स्टीलची वाटी पालथी घातली तरी पुरते.

चिठ्ठीऐवजी मास्किंग टेप वापरणार असाल, तर इस्त्रीपूर्वी ती काढलीच पाहिजे, नाहीतर गोंद कापडात उतरतो. इस्त्रीने नाहीशी होणारी शाई असलेले पेन बाजारात मिळते. तिचे लिखाण उष्णतेने अदृश्य होते आणि फ्रीजरइतक्या थंडीत पुन्हा उमटते. सोलापुरात ती वेळ येणार नाही, हे खरे, पण गोधडी परगावी कोणाला द्यायची असेल तर सुलट बाजूवर त्या पेनाने लिहू नये.

धावदोरा:

थप्पी यांची पद्धत मशीनसाठी चांगली आहे, परंतु रोज रात्री चौदा थप्प्या करायच्या आणि सकाळी पुन्हा मांडायच्या, हा व्याप मला अनावश्यक वाटतो. आमच्या अक्कलकोटकडच्या बायका हाताने गोधडी, किंवा कानडी घरांत म्हणतात ती कौदी, शिवतात तेव्हा खाली जुनी साडी अंथरून तुकडे थेट तिच्यावर ठेवतात आणि धावदोरा घालत जातात. तुकडा एकदा टाचला गेला की तो हलण्याचा प्रश्नच उरत नाही. आपल्याला मशीनवर शिवायचे असल्यामुळे हे जसेच्या तसे करता येणार नाही, पण त्यातला अर्धा भाग घेता येईल.

मांडणी जमिनीवर न करता फलालिनीवर, म्हणजे लव असलेल्या मऊ कापडावर, करावी. फलालिनीच्या लवीला सुती कापड धरून राहते. भिंतीवर फलालीन टांगून त्यावर तुकडे नुसते दाबून लावणारेही पुष्कळ आहेत, पण पंख्याच्या वाऱ्यात त्या मांडणीचा मला भरवसा वाटत नाही. जमिनीवर अंथरलेल्या फलालिनीवर तुकडे मांडावेत, वर एक जुना पातळ पंचा किंवा साडी घालावी आणि रात्री सगळे मिळून पुठ्ठ्याच्या नळीवर हलक्या हाताने गुंडाळून ठेवावे. कापडाच्या थानाच्या आतली ही नळी चाटी गल्लीतल्या दुकानदाराकडे मागितली तर बहुधा फुकट मिळते. सकाळी गुंडाळी उलगडली की मांडणी होती तशी समोर येते. फलालीन नसेल तर धुऊन धुऊन मऊ झालेली जुनी सोलापुरी चादरही चालते. तिच्यावर तुकडे फारसे सरकत नाहीत.

उभाआडवा:

क्रमाइतकेच कापडाकडेही लक्ष द्यावे, असे माझे मत आहे. त्रिकोणाची लांब बाजू उरेब, म्हणजे कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांना तिरपी, असते आणि ती ताणली की पुन्हा मापात येत नाही, म्हणून सुटे त्रिकोण टांगू नयेत, चिमट्यात धरू नयेत आणि त्यांच्या उरेब कडेला टाचणी लावू नये. त्रिकोण अजून कापले नसतील, तर सुटे कापूच नका. दोन रंगांचे ७ इंची चौकोन सुलटावर सुलट ठेवून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारावी, रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर शिवण घालावी आणि मग रेघेवर कापावे. एका जोडीतून दोन त्रिकोणी चौकोन मिळतात; ते साडेसहा इंचांना (तयार ६ इंच आणि दोन्हीकडची पाव-पाव इंच माया) छाटून घ्यावेत. आपल्याला असे ७० चौकोन हवे असतील, तर ३५ जोड्या पुरतील. उरेब कड उघडी राहतच नाही आणि सांभाळायचे सुटे तुकडेही निम्मे होतात.

कापड कापण्याआधी धुतले आहे का? ४४ इंच पन्ह्याच्या एक मीटर कापडातून साडेसहा इंचांचे ३६ चौकोन अगदी काठोकाठ निघतात, परंतु सुती कापड धुतल्यावर थोडे जरी आटले, तरी सहावी ओळ बसत नाही आणि हाती ३० चौकोनच येतात. हिशेब ३० चाच धरावा. लाल आणि गडद निळा रंग पहिल्या धुण्यात सुटतो, म्हणून ते वेगवेगळे भिजवावेत. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येत असल्यामुळे हे काम पाण्याच्या दिवशीच उरकावे लागते.

सुईदोरा:

सर्वांचे आभार. अखंड चौकोन धुऊन कापलेले आहेत. त्रिकोण अजून कापायचे आहेत, त्यामुळे जोडीची युक्ती वेळेवर कळली. गुंडाळीने रात्रीचा प्रश्न सुटतो. मात्र मशीनवर बसल्यावर काय करावे, हे अजून स्पष्ट होत नाही. थप्पी यांच्याप्रमाणे एकेक ओळ घेऊन दहा तुकडे जोडत गेले, तर प्रत्येक जोडाला दोरा कापावा लागेल आणि जोडलेल्या ओळी पुन्हा क्रमाने ठेवाव्या लागतील. याला दुसरी काही रीत आहे का?

साखळी:

आहे, आणि तिच्यासाठी थप्पी आडव्या ओळीची न करता उभ्या रांगेची करावी लागते. पहिल्या उभ्या रांगेतले तुकडे पहिली ओळ वर येईल अशा क्रमाने एका थप्पीत घ्या आणि दुसऱ्या रांगेचे दुसऱ्या थप्पीत. मशीनजवळ एका वेळी एवढ्या दोनच थप्प्या लागतात. पहिल्या ओळीचे दोन तुकडे सुलटावर सुलट ठेवून जोडा, दोरा न कापता दोन-तीन टाके रिकामे जाऊ द्या आणि लगेच दुसऱ्या ओळीची जोडी सुईखाली सरकवा. सर्व ओळी झाल्यावर जोड्यांची लांब माळ तयार होते. माळ कापायची नाही. आता तिसऱ्या रांगेची थप्पी घेऊन तिचे तुकडे वरून खाली त्याच क्रमाने दुसऱ्या रांगेला जोडत जा, मग चौथी. दहावी रांग संपते तेव्हा सगळ्या आडव्या ओळी शिवून झालेल्या असतात आणि मधल्या न कापलेल्या दोऱ्यांमुळे त्या आपापल्या जागी बांधलेल्या असतात. नंतर ओळीला ओळ जोडली की काम संपते.

पहिल्या रांगेच्या तुकड्यांवर थप्पी यांनी सांगितलेली ओळींच्या क्रमांकाची चिठ्ठी मात्र ठेवाच. इस्त्री करताना विषम ओळींच्या माया उजवीकडे आणि सम ओळींच्या डावीकडे दाबायच्या असतात, म्हणजे ओळी जोडताना माया एकमेकींत बसतात आणि चौकोनांचे कोपरे जुळतात. कोणती ओळ विषम आहे, हे त्या चिठ्ठीवरून पाहता येते.

थप्पी:

साखळी यांचे म्हणणे मला मान्य आहे, फक्त एक अट घालतो. सलग दोन-तीन तास बसता येत असेल, तर उभ्या रांगांची थप्पी चांगली. घरकामातून अर्धा-पाऊण तास मिळत असेल, तर आडवी ओळच घ्यावी, कारण ओळ पूर्ण करून उठता येते, तर अर्धवट माळ मशीनवर लटकत ठेवून उठले की लहान मुलांच्या हाती दोरे सापडतात. मोबाइलवर मांडणीचा फोटो दोन्ही पद्धतींत काढून ठेवावा. स्टुलावर उभे राहून सरळ वरून काढलेला असावा, तिरप्या फोटोत त्रिकोणांच्या दिशा नीट कळत नाहीत.

सुईदोरा:

दुपारी मला सलग वेळ मिळतो, म्हणून उभ्या रांगांची पद्धत घेते. शेवटची एक शंका आहे. साडेसहा इंचांच्या दहा तुकड्यांची ओळ न शिवता ६५ इंचांची होते आणि चौदा ओळी ९१ इंचांच्या. एवढी मांडणी माझ्या खोलीत बसत नाही आणि तेवढ्या लांबीची नळीही मिळणार नाही. फलालीन किती घ्यावी?

धावदोरा:

मांडणीचे दोन भाग करावेत, वरच्या सात ओळी आणि खालच्या सात ओळी. सात ओळींची उंची साडेपंचेचाळीस इंच होते, त्यामुळे गणवेशाच्या ५८ इंच पन्ह्याच्या कापडातली नळी तिला पुरून उरते. गुंडाळताना ६५ इंचांची बाजू नळीभोवती घ्यावी. ३६ इंच पन्ह्याची फलालीन मिळाली, तर दोन-दोन मीटरचे दोन तुकडे लांबीने जोडून एका भागापुरते अंथरूण होते, म्हणजे एका भागाला चार मीटर लागतात. दुसऱ्या भागासाठी नवी घेऊ नका, जुनी चादर वापरा. साखळी यांची माळही सात-सात ओळींचीच करावी, कारण चौदा ओळींचे वजन शेवटच्या रांगांना सुईखालून खेचले जाते आणि टाके तिरपे पडतात. सातवी आणि आठवी ओळ जोडणारी मधली शिवण सर्वांत शेवटी घालावी, आणि तोपर्यंत त्या दोन ओळींच्या चिठ्ठ्या काढू नयेत.