कॅथलिक हायस्कुलातील समुपदेशकाने गुप्ततेचा शब्द द्यावा का?

धागाकर्ता
कॅथलिक हायस्कुलात रुजू होताना कर्मचाऱ्याकडून संस्थेच्या धर्ममूल्यांशी विसंगत वागणार नाही, असे अनेकदा लिहून घेतले जाते. गणिताच्या शिक्षकाला ही अट क्वचितच आडवी येते. समुपदेशकाला मात्र ती पहिल्याच आठवड्यात आडवी येऊ शकते. आपल्याला मुलगेच आवडतात हे एखादा मुलगा आयुष्यात प्रथमच बोलून दाखवतो आणि बोलता बोलता दाराच्या काचेतून मुख्याध्यापकांच्या खोलीकडे पाहतो, तेव्हा समोरचा माणूस नेमका कुणाचा, हाच प्रश्न त्याच्या मनात असतो. ज्याची नोकरी चर्चच्या शिकवणीशी बांधलेली आहे, त्याने ‘हे आपल्या दोघांतच राहील’ असा शब्द देऊ नये, असे माझे मत आहे.

माजी समुपदेशिका
असा बिनशर्त शब्द कोणत्याही शाळेतला जाणता समुपदेशक देतच नाही. जिवाला धोका किंवा अत्याचार असेल तर मला बोलावे लागेल, हे पहिल्याच भेटीत सांगायचे असते. कॅथलिक शाळेत ते अधिक ठळकपणे सांगावे लागते, कारण मुलांना पापनिवेदनाची, म्हणजे धर्मगुरूपुढे आपली पापे कबूल करण्याची, सवय असते आणि तिथली गुप्तता निरपवाद असते: कॅनन कायद्याच्या, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कायद्याच्या, कलम ९८३ नुसार ती अभंग आहे आणि ती थेट मोडणारा धर्मगुरू आपोआप बहिष्कृत होतो. माझी खोली म्हणजे पापनिवेदनाची जागा नव्हे, हे मी मुलांना स्पष्ट सांगत असे. राहिली शिकवण. समलिंगी व्यक्तींना आदराने व करुणेने स्वीकारावे, अन्याय्य भेदभाव टाळावा, असे चर्चची अधिकृत शिकवण मांडणाऱ्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाचा परिच्छेद २३५८ सांगतो. मला त्याच्या पलीकडे जाण्याची गरज सहसा पडली नाही.

धागाकर्ता
समलिंगी कृतींना मुळातच विपरीत ठरवणारा त्याआधीचा परिच्छेद २३५७ आपण सोयीस्करपणे वगळलात. धर्मशिक्षणाच्या तासाला मुलांच्या कानांवर तोही पडतो. शिवाय माझी भीती ग्रंथाची नाही, व्हरांड्यातली आहे. मुख्याध्यापक जाता जाता ‘त्या मुलाचे काय चालले आहे?’ असे सहज विचारतात, आणि नवख्या समुपदेशकाला गप्प राहणे उद्धटपणाचे वाटते.

एक पालक
मुख्याध्यापकांचे राहू द्या, आमचे काय? मुलांच्या शिक्षणाचे पहिले उत्तरदायित्व आईवडिलांचे, हे कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रातच म्हटले आहे. आम्ही ही शाळा श्रद्धेपायी निवडली असताना आमच्याच मुलाची गोष्ट आमच्यापासून लपवणारा माणूस तिथे का असावा?

कॅनन कायद्याचा वाचक
धागाकर्त्यांच्या भीतीवर चर्चकडे जुना तोडगा आहे. धर्मगुरू घडवणाऱ्या गुरुविद्यालयात एखाद्याला दीक्षा द्यावी की काढून टाकावे, हे ठरवताना त्याच्या आध्यात्मिक मार्गदर्शकाचे मत विचारताच येत नाही (कलम २४०). शिक्षणसंस्थेच्या प्रमुखाने आपल्याच वास्तूत राहणाऱ्या विद्यार्थ्यांचे पापनिवेदन ऐकू नये, विद्यार्थ्याने एखाद्या प्रसंगी स्वतःहून विनंती केली तरच ऐकावे (कलम ९८५). ही कलमे समुपदेशकाला थेट लागू होत नाहीत, हे खरे. परंतु ज्याच्या हाती शिक्षा आहे त्याच्या हाती मनातले गुपित नसावे, ही त्यांमागची भूमिका शाळेला परकी म्हणता येणार नाही. तेव्हा समुपदेशकाला शिस्तसमितीवर घेऊ नये, त्याच्या नोंदी विद्यार्थ्याच्या शालेय फाइलीत जाऊ नयेत आणि मुख्याध्यापकांना काय कळवायचे हे नेमणुकीच्या वेळीच लेखी ठरावे. पालकांनाही हाच कागद प्रवेशाच्या वेळी दाखवावा. म्हणजे लपवाछपवीचा आरोप उरणार नाही.

एक पालक
कागद दाखवाल तर निदान मला शाळा निवडताना विचार करता येईल. समाधान झाले, असे मात्र म्हणणार नाही.

धागाकर्ता
शिस्तसमितीचा मुद्दा मान्य. पण ज्या शाळांत महाविद्यालयासाठीची शिफारसपत्रे समुपदेशकच लिहितो, तिथे ते काम दुसऱ्या कुणाकडे देणार? वर्षाअखेरी हाच माणूस आपल्याविषयी पत्र लिहिणार आहे, हे ठाऊक असलेली मुले त्याच्यापुढे शहाण्यासारखीच बोलतील.