कंत्राटी फॉरेन्सिक तंत्रज्ञ: पगार वाचतो, पुरावा टिकतो का?

मोहोरबंद (धागा यांचा)

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७६(३) सांगतं की सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेचा गुन्हा असेल तर फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आणि त्याचं चित्रीकरण करायचं. संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली. हे कलम अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. म्हणजे माणसं आत्ता लागणार, आणि भरपूर लागणार. ती कंत्राटावर घेऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे.

आधी पगाराचा हिशेब. महाराष्ट्राच्या न्यायसहायक वैज्ञानिक (म्हणजे फॉरेन्सिक) प्रयोगशाळांत वैज्ञानिक सहायक वेतनस्तर एस-१३ मध्ये येतो (३५,४०० ते १,१२,४००), वरिष्ठ प्रयोगशाळा सहायक एस-८ मध्ये (मूळ २५,५००) आणि कनिष्ठ एस-७ मध्ये (मूळ २१,७००). महागाई भत्ता ५५ टक्के (जानेवारी २०२५ चा दर) आणि मुंबई-पुण्याचा घरभाडे भत्ता ३० टक्के धरला तर नव्या वैज्ञानिक सहायकाचे ३५,४०० + १९,४७० + १०,६२० = ६५,४९० होतात. प्रवासभत्ता वेगळा. यातून निवृत्तिवेतन योजनेचे ५,४८७ आणि व्यवसाय कराचे २०० कापले जातात. कनिष्ठ सहायकाचे याच हिशेबाने ४०,१४५ होतात. कंत्राटात ठोक रक्कम मिळते. महागाई भत्ता नाही, वार्षिक वेतनवाढ नाही, आणि एजन्सीमार्फत घेतलं असेल तर मधला हिस्सा तिचा. हात बसला की तो माणूस औषध कंपनीत निघून जातो, आणि त्याने हाताळलेल्या मुद्देमालाचा खटला पुढे कितीतरी वर्षं चालू राहतो.

काचनळी_पुणे

पूर्ण असहमत. नियमित भरतीचा रस्ता बघा: मागणीपत्र, बिंदुनामावलीची (आरक्षित पदांच्या क्रमाची) तपासणी, जाहिरात, परीक्षा, कागदपत्रं, चारित्र्य पडताळणी, आणि त्यानंतर प्रशिक्षण. तोवर व्हिसेराच्या (शवविच्छेदनात तपासणीसाठी काढलेल्या अवयवांच्या) बरण्या रॅकवर तशाच. पोक्सोच्या कलम ३५ प्रमाणे विशेष न्यायालयाने दखल घेतल्यापासून शक्यतो एका वर्षात खटला संपवायचा आहे. अहवालच आला नाही तर तो संपणार कसा?

दुसरं म्हणजे अहवालावर सही तंत्रज्ञाची नसतेच. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ खाली ज्यांचा अहवाल थेट पुराव्यात वाचता येतो त्यांत संचालक, उपसंचालक, सहायक संचालक आणि अधिसूचनेने नेमलेले तज्ज्ञ आहेत. सही करणारा बदलून गेला, निवृत्त झाला, तर कलम ३३६ प्रमाणे त्याच्या जागेवरचा अधिकारी साक्ष देऊ शकतो, आणि तीही दृक्श्राव्य माध्यमातून. मग बरणीचं झाकण उघडणारा माणूस कायम हवाच कशाला? मुद्देमाल स्वीकारणं, नोंद, अर्क काढणं, टीएलसीच्या (पातळ थरावर घटक वेगळे करणाऱ्या चाचणीच्या) प्लेट लावणं ही कामं लेखी कार्यपद्धती असेल तर कंत्राटावर नीट होतात.

मोहोरबंद

काचनळी, नेमकं त्या झाकणापाशीच प्रकरण बिघडतं. व्हिसेरा मिठाच्या संपृक्त द्रावणात हवा आणि बरणी दोन तृतीयांशच भरलेली हवी, नाहीतर कुजताना वायू साठून झाकण उडतं. रुग्णालयातून चुकून फॉर्मालिनमध्ये आला तर विषाची तपासणी अवघड होते. वास ओळखून ते लगेच नोंदवणारा माणूस पहिल्याच टेबलावर लागतो. दारूच्या नमुन्याचंही तेच. १० मिली रक्तात साधारण १०० मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड पाहिजे. नसेल तर जंतू अल्कोहोल तयारही करतात आणि खाऊनही टाकतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा १०० मिलीला ३० मिलिग्रॅम आहे, त्यामुळे सीमारेषेवरचा आकडा इकडचा तिकडे व्हायला वेळ लागत नाही. रक्त काढताना त्वचा स्पिरिटने पुसली असेल तर आणखी शंका.

घटनास्थळी तर सुधारायची संधीच नसते. रक्ताने ओला कपडा प्लास्टिकमध्ये बांधला की बुरशी धरते आणि डीएनए तुटतो. तो सावलीत वाळवून कागदी पाकिटात घालायचा असतो. एकदा तुटलेला डीएनए लाखो रुपयांचं जेनेटिक अ‍ॅनालायझर जोडून देत नाही. कलम ३३६ चा वारस अधिकारी कागदावर जे आहे तेच सांगणार. पाकिटावरची मोहोर अर्धवट होती का, हे लिहिलेलंच नसेल तर तो काय बोलेल?

उलटतपासणी

बचाव पक्ष नक्की कुठे घुसतो ते सांगतो. दिल्लीच्या छावला प्रकरणात (तरुणीवर बलात्कार आणि खून) सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तिन्ही आरोपींना सोडलं. अनेक कारणांत एक होतं की १४ आणि १६ फेब्रुवारी २०१२ ला घेतलेले नमुने २७ तारखेपर्यंत पोलिसांच्या मालखान्यातच होते, आणि डीएनए अहवालाचा पाया खालच्या न्यायालयांनी तपासलाच नव्हता. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूच्या कट्टवेल्लै प्रकरणात त्याच न्यायालयाने नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचावा आणि ताब्याची साखळी नोंदवहीत शेवटपर्यंत ठेवावी असे निर्देश दिले. या साखळीतली प्रत्येक सही म्हणजे एक माणूस, आणि न्यायालय त्याला बोलावू शकतं.

मात्र मोहोरबंद, 'कंत्राटी म्हणजे कमी पगार' हे कायद्याने ठरलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाचा जगजित सिंग निकाल (२०१६) सांगतो की तेच काम करणाऱ्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यालाही त्या पदाच्या वेतनश्रेणीचं किमान वेतन मिळायला हवं. उमादेवी निकालाने (२००६) कायम होण्याचा आपोआप हक्क नाकारला, तो मुद्दा निराळा. तेव्हा पहिली मागणी समान वेतनाची करा.

तिसरा_पेपर_नागपूर

सगळे वेतनश्रेणीवर भांडताय, खरी कोंडी पात्रतेत आणि बढतीत आहे. शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत, राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचे कॅम्पस नागपूरला आणि गोव्यातही आहेत. दरवर्षी पदवीधर बाहेर पडतात. पण जाहिरातीत पुष्कळदा रसायनशास्त्र हा विषय मागतात, आणि ज्याने पदवीला तो नीट घेतला नाही तो छाननीतच गळतो. विद्यार्थ्यांनो, प्रवेश घेण्याआधी जुन्या जाहिरातींतली पात्रता शब्दशः वाचा. फॅक्ट परीक्षा (फॉरेन्सिकची अभिक्षमता चाचणी) म्हणजे नेमणूक नव्हे आणि नेट ही अध्यापनाची परीक्षा आहे. क्लासवाले हा फरक सांगत नाहीत. खासगीत सायबरवाल्यांना काम आहे: राइट ब्लॉकर (मूळ डिस्कवर काही लिहू न देणारं उपकरण) लावून डिस्कची प्रत काढणं, हॅश (प्रत मूळासारखीच असल्याची आकडी खूण) जुळवणं, मोबाइलमधला डेटा काढणं. जीवशास्त्रवाल्यांना डीएनएच्या मोजक्या खासगी प्रयोगशाळा सोडल्या तर सरकारीच दार.

म्हणून मला कंत्राट सरसकट वाईट वाटत नाही. तिथला अनुभव पुढच्या नियमित भरतीत गुण म्हणून धरत असतील तर मी आनंदाने बाजूने आहे. तसं कुठे लिहून देत नाहीत, हीच तक्रार.

काचनळी_पुणे

उलटतपासणी, समान वेतन मान्य. एस-१३ चं किमान मूळ वेतन आणि महागाई भत्ता द्या, पण मुदत तीन वर्षांची ठेवा, ११ महिन्यांची नको. कामाच्या वहीत प्रत्येक पानावर पूर्ण नाव आणि सही. करार संपल्यावरही समन्स आलं तर प्रवासखर्च आणि त्या दिवसाचं मानधन विभागाने द्यायचं, ही अट करारातच असावी. घटनास्थळी जाणारी व्हॅन मात्र कायम माणसाच्या हाती असावी, एवढं मोहोरबंदांचं मी मान्य करतो. प्रयोगशाळेतल्या अर्काच्या टेबलाबाबत नाही.

मोहोरबंद

व्हॅनचं मान्य केलंत, बरं वाटलं. टेबलाबाबत तडजोड नाही. दारूच्या नमुन्याची कुपी भरणारा आणि क्रमांक चिकटवणारा एकच असतो, आणि दोन कुप्यांची अदलाबदल झाली तर ती कुठलंही यंत्र पकडत नाही. प्रत्येक नमुना दोनदा लावायचा आणि दुसऱ्या वेळी क्रमांक दुसऱ्या माणसाने तपासायचा, ही पद्धत रोज पाळायला त्या टेबलावर दोन माणसं लागतात. तीन वर्षांनी दोन्ही एकदम बदलली तर नव्यांना ती शिकवणार कोण, ते सांगा.