आईने कधी बिडी ओढली नाही. मग बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांवर झालेले सीओपीडीचे (श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन दम लागण्याच्या आजाराचे) संशोधन तिला लागू पडते का?

पऱ्हाटीचा_धूर:

नमस्कार. माझी आई ५८ वर्षांची आहे आणि आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे. लग्न होऊन आली तेव्हापासून, म्हणजे जवळपास ४० वर्षे, तिचा स्वयंपाक पऱ्हाटी (कापसाच्या वाळलेल्या काड्या), तुराटी आणि गोवऱ्यांवर झाला. गेली चार-पाच वर्षे थंडीत खोकला सुरू व्हायचा, शेताच्या धुऱ्यावर चढताना दम लागायचा, आणि आम्ही त्याला ‘दमा’ म्हणून सोडून द्यायचो. यंदा कापूस वेचणीच्या दिवसांत तिची धाप इतकी वाढली की मेडिकलला, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, न्यावे लागले. तेथे यंत्रात फुंकायला लावून तपासणी केली. पंपाचे औषध देऊन पुन्हा फुंकायला लावले, तरी एफईव्ही१ (पहिल्या सेकंदात जोराने बाहेर फुंकलेली हवा) अपेक्षेच्या ४७ टक्केच आणि तिचे एकूण फुंकलेल्या हवेशी गुणोत्तर ०.५८ भरले. निदान सीओपीडी असे लिहिले गेले. डॉक्टरांनी रीतीप्रमाणे बिडी-तंबाखूचे विचारले, तेव्हा आई सगळ्यांसमोर फणकारली, ‘म्या कवा बिडी ओढली वो?’

त्यानंतर मी या आजारावरचे संशोधन वाचू लागलो आणि तिचाच प्रश्न मला पडला. जे मोठे अभ्यास सापडले, त्या सगळ्यांत भाग घेणारे लोक धूम्रपान करणारे किंवा पूर्वी करून सोडलेले होते. मग त्यांतून ठरलेली औषधे माझ्या आईला कशाच्या आधारावर दिली जात आहेत? दुसरे असे की, बाह्यरुग्ण विभागात एका अभ्यासात नाव घालण्यासाठी तिच्यापुढे चौदा पानी कागद ठेवण्यात आला आणि दुपारच्या गर्दीत ‘येथे अंगठा द्या’ एवढेच सांगितले गेले. आईला वाचता येत नाही. मी तो कागद घरी घेऊन आलो आहे. नाव घालावे की नाही, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

समन्वयक_नागपूर:

मी बारा वर्षे औषधांच्या अभ्यासांत समन्वयक म्हणून काम केले आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे आईंच्या औषधांविषयीचा अंतिम शब्द त्यांच्या डॉक्टरांचाच राहील.

तुमचे निरीक्षण बरोबर आहे आणि त्यामागे ठरावीक कारण आहे. २००७ सालचा टॉर्च (६,११२ रुग्ण), २००८ सालचा अपलिफ्ट (५,९९३), २०१८ सालचा इम्पॅक्ट (१०,३५५) आणि २०२० सालचा इथॉस (८,५०९) हे चार अभ्यास आजच्या उपचारांचा पाया आहेत, आणि चारही अभ्यासांत किमान दहा ‘पॅक-वर्षे’ धूम्रपान झालेले असणे ही प्रवेशाची अट होती. रोज वीस सिगारेटींचे एक पाकीट याप्रमाणे वर्षभर ओढले की एक पॅक-वर्ष होते. अट घालणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. दम्याचे रुग्ण चुकून आत येऊ नयेत आणि गट शक्य तितका एकसारखा राहावा, एवढाच तो होता. पण त्याच चाळणीतून चुलीपुढे आयुष्य काढलेल्या बाया गळून पडल्या. आपल्या देशात तर उलटे चित्र आहे. २०१८ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अंदाजानुसार २०१६ साली भारतात सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण होते आणि या आजाराच्या एकूण भारापैकी ५३.७ टक्के भार हवेच्या प्रदूषणामुळे, तर २५.४ टक्के तंबाखूमुळे होता. घरातला धूर या प्रदूषणातच मोजला जातो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ सालीच धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीकडे लक्ष वेधले होते, आणि २०२३ पासून जागतिक मार्गदर्शक सूचनांत धूर व प्रदूषणामुळे होणारा सीओपीडी हा वेगळा उपप्रकार म्हणून नोंदला जातो.

हा आजार हुबेहूब सिगारेटवाल्यांसारखा असतो का, तर नाही. मेक्सिकोत अशा रुग्णांचा पंधरा वर्षे पाठपुरावा करून २०१४ साली जे प्रसिद्ध झाले, त्यात तंबाखूवाल्यांचा एफईव्ही१ वर्षाला सरासरी ४२ मिलिलीटरने, तर लाकडाच्या धुरामुळे आजारी झालेल्यांचा २३ मिलिलीटरने घटत होता. धुरामुळे श्वासनलिकांना जास्त इजा होते, फुप्फुसाचे फुगे फुटण्याचा म्हणजे एम्फिसेमाचा भाग तुलनेने कमी असतो. ही बातमी तुमच्या आईंसाठी थोडी दिलासा देणारीच आहे.

आता ‘कशाच्या आधारावर’ हा तुमचा प्रश्न. श्वासनलिका रुंद करणारी औषधे नळीच्या भिंतीतल्या स्नायूवर काम करतात आणि तो स्नायू कोणत्या धुराने आवळला हे औषध विचारत नाही. त्यामुळे दम कमी होणे आणि आजार उसळण्याच्या वेळा घटणे हे फायदे आईंनाही मिळतील असे मानणे रास्त आहे, मात्र ते अनुमान आहे आणि आपण त्याला अनुमानच म्हटले पाहिजे. जिथे मी सावध राहीन ती जागा म्हणजे पंपातले स्टेरॉइड. टॉर्चमध्ये तीन वर्षांत स्टेरॉइड आणि श्वासनलिका रुंद करणारे औषध एकत्र घेणाऱ्यांपैकी १९.६ टक्के लोकांना न्यूमोनिया झाला, तर नुसता बिनऔषधाचा पंप घेणाऱ्यांपैकी १२.३ टक्के लोकांना. रक्तातल्या इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) पेशी ३०० च्या वर असतील तर या स्टेरॉइडचा फायदा जास्त आणि १०० च्या खाली असतील तर फारसा नाही, असे पुढच्या अभ्यासांतून दिसले आहे. ही साधी रक्ततपासणी आहे. ती झाली आहे का हे विचारून घ्या. आपल्याकडे पोटातल्या जंतांमुळेही त्या पेशी वाढतात, म्हणून आकडा आला की डॉक्टरांना तेही विचारा. आणि आधी क्षयरोग होऊन गेला असेल तर तसे जरूर सांगा, कारण क्षयानंतरही फुप्फुसात असाच अडथळा राहतो आणि विदर्भात ही शक्यता सहज सोडून देण्यासारखी नाही.

अंगठ्याविषयी मात्र मी स्पष्ट बोलतो. तुम्ही कागद घरी आणला हे उत्तम केले. २०१९ च्या नियमांप्रमाणे माहितीपत्रक रुग्णाला कळेल अशा भाषेत हवे, रुग्णाला वाचता येत नसेल तर अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार सबंध वेळ हजर हवा, सही झालेल्या कागदाची प्रत रुग्णाला मिळाली पाहिजे, आणि पुढे कोणत्याही दिवशी कारण न देता बाहेर पडता आले पाहिजे. औषधांच्या चाचण्यांची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंद जून २००९ पासून सक्तीची आहे. कागदावर तो नोंदणी क्रमांक शोधा, तो संकेतस्थळावर टाकला की अभ्यास काय आहे आणि कोणाचा आहे ते दिसते. एवढे सारे नीट असेल आणि त्या अभ्यासात चुलीच्या धुराचे रुग्ण मुद्दाम घेतले जात असतील, तर मी म्हणेन की जरूर विचार करा, कारण आईंसारख्या बायांची गणती झाल्याशिवाय ही उणीव भरून निघणार नाही. पण नकार दिला तर उपचारात काही कमी होता कामा नये, आणि तसे कोणी सूचित केले तर नैतिकता समितीचा दूरध्वनी त्याच कागदावर असतो.

फिजिओ_वर्धा:

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण पंपाचे औषध पोटात जाते की छातीत, हे कोणी पाहिले आहे का? माझ्याकडे आलेल्या एका आजी दोन महिने यंत्रात घालून ओढायची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळत होत्या. दुसऱ्या एक काकू यंत्र तोंडात धरून आधी त्यातच फुंकत, त्यामुळे भुकटी बाहेर उडून जायची. आईंना समोर बसवून पाहा. कॅप्सूल फोडल्यावर आधी यंत्राबाहेर पूर्ण श्वास सोडायचा, मग ओठ घट्ट मिटून जोरात आणि खोल ओढायचे. यंत्रात कॅप्सूलची फडफड ऐकू आली पाहिजे. त्यानंतर दहा अंक मोजेपर्यंत श्वास धरायचा. स्टेरॉइड असेल तर शेवटी चूळ भरून पाणी थुंकायचे. ४७ टक्क्यांवर काही जणांना तेवढा जोर लावता येत नाही. फडफड होत नसेल तर डॉक्टरांना सांगून दाबण्याचा पंप आणि त्याला लावायचा स्पेसर (औषध साठून राहणारी नळी) मागा.

आणि ज्या उपचाराबद्दल पुरावा सर्वांत भक्कम आहे, तो चिठ्ठीवर बहुधा लिहिलेलाच नसतो. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१५ सालच्या आढाव्यात ६५ चाचण्या आणि ३,८२२ रुग्ण होते, आणि व्यायामाच्या कार्यक्रमाने दम आणि दैनंदिन जीवन दोन्ही इतके सुधारले की यापुढे ‘व्यायाम की काहीच नाही’ अशी तुलना करण्याची गरज उरली नाही असे लेखकांनी लिहिले. अडचण अंतराची असते. आठवड्यातून दोनदा एसटीने चाळीस किलोमीटर येऊन कोण व्यायाम करणार? म्हणून मला मेलबर्नचा २०१७ सालचा अभ्यास महत्त्वाचा वाटतो. त्यात १६६ रुग्णांपैकी निम्म्यांनी आठ आठवडे घरीच व्यायाम केला, त्यांच्या घरी एक भेट आणि आठवड्याला एक फोन एवढीच मदत होती, तरी ते केंद्रात जाणाऱ्यांपेक्षा मागे पडले नाहीत. त्यांतही बहुतेक धूम्रपानवालेच, हे मान्य. पण पायाचे स्नायू ज्या कारणाने झिजतात ते कारण, म्हणजे दमाच्या भीतीने बसून राहणे, तुमच्या आईंच्या बाबतीतही तेच आहे.

तब्येत स्थिर असेल आणि डॉक्टरांनी हृदय ठीक असल्याचे सांगितले असेल, तर बाजेवरून हात न टेकता उठण्या-बसण्यापासून सुरुवात करा. मग घरापासून हापशीपर्यंत चालायचे. बोलताना वाक्य पुरे करता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही, इतका वेग पुरे. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आतच. धाप लागली की ओठांचा चंबू करून हळू श्वास सोडायचा. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर थांबून डॉक्टरांना दाखवायचे.

पऱ्हाटीचा_धूर:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पंपाबद्दल सांगायला लाज वाटते. आज सकाळी मी आईला समोर बसवून पाहिले तर ती खरोखरच आधी आत फुंकत होती. तिच्या मते ‘तोंड पोळू नये म्हणून फुंकर मारा लागते’, म्हणजे चहाची सवय तिने पंपाला लावली होती. आणखी एक विचारतो. माझ्या मामांनी ऑक्सिजनचे यंत्र महिन्याच्या भाड्याने ठरवून ठेवले आहे. करोनाच्या काळात घेतलेल्या ऑक्सिमीटरवर बसल्या जागी तिच्या रक्तातल्या ऑक्सिजनचे प्रमाण ९२ टक्के दिसते. शिवाय दुकानदाराने थिओफिलिनची (धापेवरची) गोळी ‘कायमची सुरू ठेवा’ म्हणून दिली आहे.

समन्वयक_नागपूर:

यंत्राचे भाडे तूर्त वाचवा, आणि मामांना न दुखावता हे सांगा. घरी ऑक्सिजन दिल्याने आयुष्य वाढते हे १९८० आणि १९८१ सालच्या दोन अभ्यासांनी दाखवले, पण त्यातले रुग्ण फार खालावलेले होते. आजही साधारण ८८ किंवा त्याहून खाली, तेही धमनीतल्या रक्ताच्या तपासणीने पक्के झालेले, हीच मर्यादा मानतात, आणि तेव्हाही तो दिवसाला किमान पंधरा तास घ्यावा लागतो. २०१६ साली ७३८ रुग्णांवरचा अभ्यास आला. त्यात बसल्या जागी ८९ ते ९३ प्रमाण असलेल्यांना, तसेच फक्त चालताना प्रमाण घसरणाऱ्यांनाही, ऑक्सिजन दिला आणि मृत्यू किंवा रुग्णालयात भरती यांत काही फरक पडला नाही. तुमच्या आईंचा आकडा नेमका या पट्ट्यात येतो. जिथे रोज भारनियमन आणि जवळच पेटती चूल आहे, तिथे ऑक्सिजनचे यंत्र हा आगीचाही धोका आहे. आजार उसळला आणि आकडा घसरला तर प्रश्न वेगळा, तेव्हा घरी न थांबता रुग्णालय गाठा.

थिओफिलिनच्या कमी मात्रेवर ब्रिटनमध्ये सुमारे दीड हजार रुग्णांचा वर्षभराचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. स्टेरॉइडच्या पंपाबरोबर ही गोळी दिल्याने आजार उसळण्याच्या वेळा कमी झाल्या नाहीत. स्वस्त गोळी म्हणून ती आपल्याकडे सर्रास चालते, पण मळमळ, छातीत धडधड आणि काही प्रतिजैविकांबरोबर रक्तातले प्रमाण वाढणे, असे तिचे त्रास आहेत. परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. दुकानदाराने दिलेली आणखी एक गोळी मी अनेक घरांत पाहतो, ती म्हणजे महिनोन्‌महिने चालणारे स्टेरॉइड. स्वित्झर्लंडमध्ये २०१३ साली असे दिसले की, आजार उसळल्यावर ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोन हे स्टेरॉइड पाच दिवस दिले काय आणि चौदा दिवस दिले काय, पुढच्या सहा महिन्यांत परत उसळण्याचे प्रमाण सारखेच राहिले.

अमरावती_बीएससी:

सगळे औषधांवरच बोलत आहेत, चूल कुठे गेली? मेक्सिकोतल्या बायांना धूर बाहेर नेणाऱ्या सुधारित चुली चिठ्ठ्या टाकून वाटल्या होत्या, तो निकाल २००९ साली आला. ज्यांनी ती खरोखर वापरली त्यांचा एफईव्ही१ वर्षभरात ३१ मिलिलीटरने घटला, जुन्या उघड्या चुलीवाल्यांचा ६२ मिलिलीटरने. पण नवी चूल मनापासून वापरणाऱ्या बाया ३० टक्केच निघाल्या. गावात उज्ज्वलाचे सिलिंडर कोपऱ्यात उभे असते आणि अंघोळीचे पाणी पऱ्हाटीवर तापते, ही गोष्ट आपल्यालाच माहीत आहे असे समजू नका.

पऱ्हाटीचा_धूर:

आमच्याकडे अगदी तसेच आहे. गॅस चहापुरता असतो, भाकरी आणि पाणी चुलीवर, कारण सिलिंडर महिना टिकवायचे असते. आज वडिलांशी बोलून असे ठरले की भाकरी गॅसवर होईल आणि पाण्याची चूल परसात, गोठ्याच्या पलीकडे जाईल व ती बाबा पेटवतील. आईचे म्हणणे आहे की बाबांना पऱ्हाटी लावता येत नाही, ओलीच लावतील आणि धूर जास्त करतील. फिजिओताईंनी सांगितल्याप्रमाणे ती आज हापशीपर्यंत दोनदा गेली, दुसऱ्या खेपेला मध्ये थांबावे लागले. चौदा पानांच्या कागदावर नोंदणी क्रमांक सातव्या पानावर बारीक अक्षरात सापडला आहे. प्रवेशाच्या अटींत ‘घरगुती इंधनाचा धूर’ असे स्वतंत्र लिहिलेले दिसते. सोमवारी आमच्या आशाताईंना साक्षीदार म्हणून बरोबर घेऊन जाणार आहे आणि सगळी चौदा पाने आईला मोठ्याने वाचून दाखवा, असे तेथे सांगणार आहे.